कडेचं दिसणं

"मागच्या पिढीत कोणाला होतं, तेही लिहायचं आहे," धाकटी म्हणाली आणि खोलीतलं बोलणं एकदम थांबलं.

रविवारची दुपार. भाऊच्या टायरच्या दुकानावरची ती लांबट खोली आईची. खाली दुकान बंद होतं, तरी रबराचा वास जिन्यातून वर येत होता. इतक्या वर्षांत घरातल्या कोणाला तो जाणवेनासा झाला होता. आज धाकटीला मात्र तो घशाशी लागत होता. टेबलावर अर्ज होता. अपंगत्वाचा दाखला आणि त्यावर मिळणारा भत्ता, दोन्हींसाठी एकच अर्ज. तो आणल्यापासून कोणी त्याला हात लावला नव्हता.

"आपल्या घरात असं कोणाला नव्हतं," भाऊ म्हणाला. तो सगळ्यांत थोरला. खिडकीशी उभा होता, सगळ्यांकडे पाठ करून.

ज्याच्यासाठी हा अर्ज होता तो मधला, आईच्या पलंगावर हात मांडीखाली दाबून बसला होता. शहराची बस चालवत उमर गेली, म्हणून त्याचं नाव कप्तान पडलं होतं. थांब्यावरची माणसं त्याला त्याच नावाने हाक मारत, आणि रागावली की बायकोसुद्धा. आज ती रागावलेली नव्हती. त्याच्या शेजारी बसून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

ओळखलं होतं ते धाकटीने. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि दोन्ही भावांचे केस तीच कापायची. एकदा कात्री कप्तानच्या कानाजवळ नेली तेव्हा तो हललाच नाही. कात्री दिसली की माणूस मान चोरतो, निदान पापणी तरी लववतो. तिने कंगवा बाजूने पुढे पुढे आणला. कंगवा पार गालाच्या रेषेत आला तेव्हा कुठे तो दचकला. "अगं, कुठून काढलास हा?" म्हणून हसला. ती हसली नाही. पण बोललीही नाही. मोठा भाऊ, त्यात बसचा चालक. त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग गेल्या महिन्यात आगारात ते झालं. संध्याकाळी बस बाहेर काढताना गाड्या धुणारी बाई बादली घेऊन डावीकडून येत होती. कप्तानला ती दिसलीच नाही. बसचा आरसा तिच्या खांद्याला लागला आणि ती मागे पडली. बादली चाकाखाली गेली. बाई गेली नाही. कप्तानने साहेबांना घेरी आल्याचं सांगितलं आणि आजारपणाची रजा घेतली. त्या संध्याकाळी तो धाकटीच्या दुकानात आला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि आरशात बघत म्हणाला, "तो बादलीचा आवाज, धाकटे. मला वाटलं ती बाईच आहे."

दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे त्याला एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं. आत कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की टिक असा आवाज होई. सुरुवातीला टिकटिक झाली. मग बराच वेळ काहीच नाही. यंत्र बिघडलं असावं असं वाटून धाकटीने तपासनिसाच्या पडद्याकडे पाहिलं. दिवे लागत होते. एकामागून एक, सारखे लागत होते.

"तुम्ही नळीतून बघता," डॉक्टरीणबाईंनी कप्तानला सांगितलं होतं. "समोरचं स्वच्छ, कडेचं गेलेलं. अंधार पडला की तेही कमी. हे परत येत नाही. आणि गाडी आजपासून बंद." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे अडचण येईल. तुम्ही तक्त्यावरची अक्षरं सगळी वाचता ना, त्यांना वाटतं माणूस ढोंग करतोय. पण हा आजार बहुतेक घराण्यातून येतो. वडिलांना, भावंडांना असेल तर लिहा. भावंडांना तपासणीला आणा. मग कोणी नाही म्हणणार नाही."

भावंडांना आणा. धाकटी त्या दिवसापासून नीट झोपली नव्हती.

"नव्हतं कोणाला," भाऊ पुन्हा म्हणाला. "लिही तसं."

"भावजी म्हणतात ते बरोबर आहे," कप्तानची बायको, वहिनी, घाईघाईने म्हणाली. "कशाला नसत्या गोष्टी दप्तरात घालायच्या? अर्जच नको. मी म्हणते, साहेबांना भेटून दिवसाची पाळी मागून घेऊ. उजेडात ह्यांना दिसतं की. काय हो, दिसतं ना?"

कप्तान फरशीकडे बघत राहिला.

"बोर्डाने नाही म्हटलं तर?" वहिनीचा आवाज चढला. "एकदा आंधळा म्हणून लिहून दिलं की बस गेली. आणि तिकडून ते म्हणाले, हा चांगला डोळस आहे, जा घरी. मग? मी शिवणाच्या यंत्रावर बसून एवढं घर ओढू? दोन्हीकडून गेलो की आम्ही!"

हीच भीती खरी होती आणि ती खोटी म्हणायची कोणाची टाप नव्हती. धाकटीने तरी सांगून पाहिलं, "वहिनी, दिवसासुद्धा कोणीतरी बादली घेऊन येईल. एखादं पोर शाळेचं दप्तर घेऊन येईल."

वहिनीने डोळे मिटले.

"तुला बोलायला काय जातं?" भाऊ वळला. "तुला मागे ना पुढे. माझ्या पोराची महिन्याभरात वैद्यकीय तपासणी आहे. धावण्यात पहिला आला, शिडीवर पहिला आला. एवढा एक कागद राहिलाय आणि तो अग्निशमन दलात जाईल. आणि तू सरकारला लिहून देणार, यांच्या घराण्यात डोळे जातात?"

तुला मागे ना पुढे. धाकटीने ओठ आवळले. भाऊची बायको गेल्यावर याच पोराचं जेवणखाण, अभ्यास, ताप-खोकला सगळं तिने काढलं होतं. भाऊला ते आठवलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. पण शब्द परत घेतला नाही.

"बाबा, माझं मध्ये आणू नका," दारातून लांब्या म्हणाला. चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच. "काकाचं काय करायचं ते ठरवा."

"तू गप्प बस. तुला काही कळत नाही."

"लिहा," आई म्हणाली.

ती इतका वेळ पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून सगळ्यांची तोंडं बघत होती. सगळ्यांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल.

"काय लिहा, आई?" धाकटीने विचारलं.

"ह्यांचं नाव लिहा. तुमच्या वडिलांचं."

भाऊ हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. "त्यांचं काय लिहायचं? पीत होते म्हणून?"

कप्तानने झटकन मान वर केली. त्या घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि ती कधी मोठ्याने बोलली जात नव्हती. वडील मालाच्या गोदामात हमालांचे मुकादम होते. दिवेलागणीला घरी येताना भिंतीला हात लावत लावत यायचे, दारातल्या माणसावर आदळायचे, पायरी चुकायचे. गल्लीतली माणसं हसायची. एका संध्याकाळी गोदामाच्या ओट्यावरून खाली पडले ते उठलेच नाहीत. मालकाने लिहून दिलं की माणूस प्यायलेला होता, आणि घरच्यांच्या हाती काही आलं नाही.

"एक थेंब नाही," आई म्हणाली. "तोंडाला तोंड लावून संसार केला मी त्यांच्याशी. मला वास आला नसता?"

"मग पडायचे कशाला?"

"दिसत नव्हतं. कडेचं दिसत नव्हतं. पाण्याचा पेला बाजूने दिला की हात लागून सांडायचा. मग मी समोरून द्यायला शिकले. ते म्हणायचे, कोणाला सांगू नकोस, काम जाईल. नाही सांगितलं. ते गेल्यावर सांगत सुटले, पिणारे नव्हते हो. कोण ऐकतंय? त्याला काही नाव आहे हेच मला माहीत नव्हतं." ती थांबली, दम घेतला. "परवा हिने डॉक्टरणीचं बोलणं येऊन सांगितलं, तेव्हा कळलं."

वहिनी रडू लागली होती, रडता रडता म्हणाली, "आई, मग हे आधी का नाही सांगितलंत? लग्नाच्या वेळी तरी."

"आजार आहे हे ठाऊक असतं तर सांगितलं असतं गं."

लांब्या मुकाट्याने आत जाऊन चहा ठेवून आला. असल्या वेळी त्या घरात कोणीतरी चहा ठेवायचंच. कप भरून झाल्यावर आई उठली. सगळ्यांनी आपल्या हातून चहा घ्यायचा, ही तिची एक हौस होती. पाय दुखत असले तरी ती ती सोडत नसे. धाकटीला तिने येता जाता, खांद्यावरून कप दिला. वहिनीला तसाच. कप्तानच्या पुढ्यात जाऊन, त्याच्या डोळ्यांसमोर धरून दिला. एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं, कारण आताच तिने ते सांगितलं होतं.

मग ती भाऊकडे गेली. भाऊ भिंतीच्या कोपऱ्यात पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि बाजूने कप देणं सगळ्यांत सोपं होतं. पण आई टेबलाला वळसा घालून, भिंतीला अंग घासत, त्याच्या आणि खिडकीच्या मधे शिरली. त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि कप वर धरला.

धाकटीने हातातला कप खाली ठेवला. आई नेहमीच असं करत होती. सणासुदीला, आजारपणात, घाईत, कधीही. भाऊला ती वळसा घालून जायची आणि सगळे म्हणायचे, थोरल्याचा मान.

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीनेही ते पाहिलं होतं. रडणं थांबवून ती भाऊकडे एकटक बघत होती, आणि इतका वेळ त्याच्या बाजूने बोलणारी ती बाई हळू आवाजात म्हणाली, "भावजी, तुम्ही रात्रीचं गाडी घेऊन यायचं का बंद केलंत?"

"समोरच्या गाड्यांचे दिवे लागतात डोळ्यांना. सगळ्यांनाच लागतात."

"आणि दुकानात संध्याकाळी पोरांना का बसवता?"

"जरा बेताने बोला."

"मी बेतानेच विचारतेय."

"बाबा?" लांब्या म्हणाला.

भाऊने कप खिडकीत आपटला. "माझे डोळे काढायला बसलात का सगळे मिळून?" असं म्हणत तो दाराकडे निघाला. वाटेत बुटकं स्टूल होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. त्याची नडगी स्टुलाच्या कडेला लागली, तो टेबलावर आदळला आणि चहा सांडला. एरवी अशा वेळी कोणीतरी म्हणायचं, आलं बघा धडपड्यांचं घराणं, आणि सगळे खो खो हसायचे. किती वर्षं हसत होते.

आज कोणी हसलं नाही. लांब्याने खाली वाकून स्टूल बाजूला केलं. "कधीपासून, बाबा?"

भाऊ त्याच्या अंगावरून जिन्यात गेला.

धाकटी त्याच्यामागे गेली. तो जिन्याच्या मधल्या वळणावर बसला होता, नडगी चोळत. ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली.

"मला दिसतंय गं," तो म्हणाला. "टायरातला खिळा दिसतो. व्हॉल्व्हवरचे आकडे वाचतो मी."

"कप्तानसुद्धा वाचतो."

"ठाऊक आहे." त्याने नडगी चोळणं थांबवलं. "पोराला असलं तर मीच दिलं ना ते त्याला? पोराला मीच शिडीवर चढवलं. मीच भरतीचा कागद आणला. वर चढून तो धुरात गेला आणि कडेचं काही दिसलं नाही तर? नाही तपासलं तर निदान नसेल असं तरी वाटत राहतं. मला तेवढंच पाहिजे, धाकटे. थोडे दिवस."

"मी रोज सकाळी दुकान उघडलं की आरशापुढे उभी राहते," ती म्हणाली. हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. "दोन्ही हात कानांजवळ धरते आणि बोटं हलवते. कधी वाटतं दिसतात, कधी वाटतं, माझीच बोटं, म्हणून मला कळतात."

भाऊने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच हात लांब केला आणि तिच्या कानाच्या मागून पुढे आणला. "समोर बघ. सांग, आलं दिसायला की."

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. रंगाचे पोपडे, विजेची तार, पालीचा डाग. "आला," ती म्हणाली.

"खरं दिसला?"

तिला सांगता येईना. हात दिसला होता, की भावाच्या हाताची ऊब गालाला लागली होती? दोघंही तसेच बसून राहिले आणि वर वहिनीचं पुन्हा सुरू झालेलं रडणं ऐकत राहिले.

"अर्जात दादांचं नाव लिही," शेवटी भाऊ म्हणाला. वडिलांना ते दादा म्हणत. "माझं लिहू नकोस."

गुरुवारी बोर्ड बसलं. सरकारी दवाखान्याचा वरचा मजला, बाहेर लाकडी बाकं, बाकांवर दाटीने बसलेली माणसं: कुबड्या टेकलेली, पाय नसलेली, आईच्या मांडीवर मान टाकलेली मोठी मुलं. त्या सगळ्यांत कप्तान उठून दिसत होता. वहिनीने त्याला सदरा कडक इस्त्री करून घालायला दिला होता, आणि आता तिलाच त्याचा पश्चात्ताप होत होता.

"जरा खांदे पाडून बसा," ती कुजबुजली.

"सवय नाही," तो म्हणाला.

भाऊ आला नव्हता. फोनही उचलत नव्हता. सकाळी धाकटी दुकानावरून गेली तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि आईने फक्त "गेले दोघं" एवढंच सांगितलं होतं. कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पुकारा झाला आणि तिघं आत गेली. टेबलामागे तीन डॉक्टर होते. मधले पांढऱ्या केसांचे, वागायला मऊ, आणि त्या मऊपणाचीच धाकटीला भीती वाटली. त्यांनी कप्तानला तक्ता वाचायला सांगितला. त्याने वाचला, अगदी खालच्या ओळीपर्यंत. थांब्यांच्या पाट्या लांबून वाचायची सवय, चुकेल कसा!

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं वाचता."

कप्तानला बरं वाटलं. ते त्याच्या तोंडावर दिसलं आणि वहिनीने कपाळाला हात लावला.

डॉक्टरांच्या हातातलं पेन टेबलावरून डाव्या बाजूला खाली पडलं. पाडलं असावं. कप्तान आवाजाच्या रोखाने वाकला आणि पेन उचलून त्यांच्या हातात ठेवलं.

"दिसलं की तुम्हाला."

"ऐकू आलं, साहेब."

"हं." डॉक्टरांनी अर्जाचं पान उलटलं. "तुमच्या तपासणीचा नकाशा वाईट आहे, मान्य. पण त्यात बटण दाबायचं असतं. नाही दाबलं तर यंत्राला काय कळणार? मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण परवा इथून एक गृहस्थ आंधळे म्हणून गेले आणि खाली रस्त्यावर दुचाकीला किक मारताना आमच्या शिपायाने पाहिले. तुम्ही वडिलांचं लिहिलंय. पुरावा?"

"वडील वारले," धाकटी म्हणाली.

"कागद काही?"

वडिलांचा एकच कागद होता, आणि त्यात ते प्यायलेले होते असं लिहिलं होतं. धाकटीने मान हलवली.

"साहेब," वहिनी पुढे झाली. रविवारी दिवसाची पाळी मागू म्हणणारी हीच बाई, आता टेबलाला धरून उभी राहिली. "भत्ता नका देऊ. पण ह्यांना डोळस म्हणून लिहू नका. तुम्ही डोळस लिहिलंत तर आगारवाले पुन्हा बसवर बसवतील, आणि हे बसतील. घर दिसतंय ना ह्यांना समोर, तेवढं बरोबर दिसतंय. हे बसतील, साहेब. कोणाचं तरी पोर..."

तिला पुढे बोलवेना. कप्तान तिच्याकडे वळून बघत राहिला. तिने आपल्याबद्दल एवढं ओळखलं असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

इतक्यात तपासनीस एक कागद घेऊन आत आला आणि टेबलावर ठेवून गेला. डॉक्टरांनी पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "हा तर मघाचाच. काळं कडं, मधे एवढासा उजेड." मग वरचं नाव वाचलं. आडनाव तेच. वय जास्त. "हे कोण?"

"कोण?" कप्तानने विचारलं. धाकटीने टेबलाच्या अलीकडून कागद उलटा वाचला.

"आमचा थोरला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले आणि बाजूच्या दोघा डॉक्टरांना दाखवले. मग अर्जावर लिहू लागले. लिहून झाल्यावर म्हणाले, "मंजूर करतो आहोत. आगाराला आमचं पत्र जाईल, तुम्ही जाऊ नका." मग धाकटीकडे बघून, "तुम्ही सख्ख्या ना? मग तुम्हीही तपासून घ्या. आजच."

भाऊ बाहेर अंधाऱ्या बोळात बाकावर बसला होता, शेजारी लांब्या. दोघं सकाळपासून मागच्या बाजूच्या तपासणीच्या रांगेत होते, आणि नकाशा निघताच भाऊने तो आत बोर्डाकडे पाठवायला सांगितलं होतं. कप्तान त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. दोघा भावांना मिठ्या मारायची सवय नव्हती. कप्तानने नुसता हात पुढे केला आणि भाऊने तो धरून ठेवला.

"याने आणलं मला," भाऊ म्हणाला आणि मानेने पोराकडे खूण केली. "चार दिवस माझ्याशी बोलला नाही. सकाळी म्हणाला, तुम्ही या नाहीतर नका येऊ, मी जातो."

"तुझं काय आलं?" धाकटीने लांब्याला विचारलं. विचारायच्या आधीच तिला कळलं होतं.

"कडेला थोडं गेलंय. सुरुवात आहे म्हणतात." तो हातातली घडी केलेली चिठ्ठी पुन्हा पुन्हा दुमडत होता. "भरतीच्या कचेरीत मी उद्याच जाऊन सांगेन. आत्या, शिडीवरून उतरताना माझ्या खांद्यावर कोणीतरी असणार. माझं मी पडलो तर एक वेळ चाललं असतं."

त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो खिडकीकडे वळला. वहिनी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पाठीवर, हात पोचेल तिथे, हात ठेवला. तिच्या पर्समध्ये नवऱ्याचा मंजूर झालेला कागद होता आणि ती तो कोणाला दाखवत नव्हती.

तपासणीच्या खोलीत धाकटी एकटी गेली. पांढऱ्या गोलात हनुवटी टेकवली आणि बटण मुठीत धरलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, इकडेतिकडे नाही, तपासनीस म्हणाला. एक दिवा लागला. टिक. वरती एक. टिक. खाली, लांब, डावीकडे कानाच्या रेषेत एक फिका ठिपका येऊन गेला, तिने दाबलं. तिला वाटलं, आता थांबेल, आता तो काळोख सुरू होईल. ती त्याची वाट बघत दाबत राहिली.

"झालं, बाई," तपासनीस म्हणाला. "बटण सोडा."

"किती गेलंय?"

"कुठे काय गेलंय? सगळे दिसलेत तुम्हाला. एकसुद्धा चुकलेला नाही."

ती उठली नाही. इतके दिवस ज्याची भीती होती ते टळलं होतं, आणि आता तिला दाराबाहेर जायची भीती वाटत होती. बाहेर कडेचं गेलेले ते तिघं बसले होते. त्यांना काय सांगायचं? तपासनिसाने दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिने पदराने हनुवटी पुसली आणि ती बाहेर आली.

भाऊने तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला समोरचं सगळं दिसायचं.

"नाही ना?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली आणि तिला रडू फुटलं. "मला लाज वाटते रे, भाऊ."

"वेडी आहेस का? एक तरी पाहिजे ना घरात." तो उठला. बोळाच्या टोकाला जिना होता, बिनखिडक्यांचा, वरचा दिवा गेलेला. येताना लांब्याने त्याला दंडाला धरून वर आणलं होतं आणि त्याने ते रागारागाने सोडवून घेतलं होतं. आता त्याने आपणहून हात पुढे केला, चाचपडत तिचा खांदा शोधला आणि घट्ट धरला. कप्तानने दुसरा खांदा धरला. वहिनी आणि लांब्या मागून येत होते.

"पायऱ्या आल्या की सांग," भाऊ म्हणाला.

ती एकेक पाऊल टाकत पुढे गेली आणि काठाशी थांबली.

"आल्या," ती म्हणाली.